एक नंबरचं निपल

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. माझ्या आत्याच्या ओठावर खरोखरच बारीक लव होती आणि आवाजही काकांना शोभेल असा. त्यामुळे ही म्हण तिच्यासमोर काढायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. लहान मुलांच्या वस्तूंचं तिचं दुकान होतं. आत आलं की डावीकडे झबली, टोपडी, मोजे, बूट. ती बाजू माझी. उजवीकडे बाटल्या, ती बाजू तिची. मधे एक बिनहाताची खुर्ची, मांडीवर मूल घेऊन बसता यावं म्हणून ठेवलेली.

नोकरी सोडून मी तिच्या हाताखाली आले तेव्हा मला वाटलं होतं, बाटली ती बाटली, तिच्यात निवडायचं ते काय? गिऱ्हाईक म्हणायचं, "बाटली द्या." आत्या म्हणायची, "कुणासाठी?" "बाळासाठी." "ते कळलं हो, तुम्ही थोडेच पिणार आहात. बाळ कुठंय?" बाळ दाखवल्याशिवाय बाटली नाही, हा तिचा नियम. बाळ समोर आलं की ती कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाने हात धुवायची, करंगळी त्याच्या तोंडात सारायची आणि छताकडे बघत बसायची. बाळ करंगळी चोखायचं, आई अवघडून उभी राहायची, आणि मी मोज्यांच्या जोड्या लावायचं नाटक करत हसू दाबायची.

मग निकाल लागायचा. हिला काचेची द्या, प्लास्टिकच्या वासाला नाक मुरडेल. ह्याची जीभ आखूड आहे, निपल बुटकं हवं. निपलांना नंबर असतात. एक नंबरचं भोक सगळ्यात बारीक, थेंब थेंब दूध देणारं, अगदी तान्ह्यासाठी. दोन नंबर जरा मोठं. तीन नंबर दात आलेल्यांसाठी. नंबर चुकला की बाळ एक तर ओढून ओढून दमतं, नाहीतर ठसकतं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," आत्या म्हणायची, "पण तोंड बाटलीत दिसतं."

दुसरा नियम त्याहून विचित्र होता. नवं निपल हवं असेल तर जुनं घेऊन यायचं. ते ती खिडकीच्या उजेडात धरायची, दाबायची, उलटं करायची आणि न पाहिलेल्या बाळाबद्दल बोलत सुटायची. कान दुखत असणार, एकाच बाजूने ओढतोय. दात शिवशिवतायत, कडेला चावलंय. मला ते सगळं नाटकी वाटायचं. माणूस स्वतःची जीभ उचलून टाळ्याला लावतो, ही दुसऱ्याच्या टाळ्याला लावते, पडताळायला जाणार कोण? पण एकदा एक आजी निपल घेऊन आल्या. आत्याने ते नुसतं उजेडात धरलं आणि विचारलं, "आजीबाई, ह्याला सुई कुणी लावली?" आजी चपापल्या. भोक मोठं करायला त्यांनीच गरम सुई खुपसली होती. "फार वेळ लावतो हो प्यायला," त्या म्हणाल्या. "मग लावू दे की," आत्या म्हणाली, "त्याला कुठे कामावर वेळेत पोचायचंय?" आणि ते निपल तिने कात्रीने कापून केराच्या डब्यात टाकलं.

एक दिवस दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. निळा गणवेश, नखांत ग्रीस, पण हात पुन्हा पुन्हा धुतल्यामुळे कातडी पांढरी पडलेली. बाळ बरोबर नव्हतं. बाहेर काढत नाही, एवढंच म्हणाला. मात्र इस्त्रीच्या रुमालात बांधून जुनं निपल आणलं होतं, त्यामुळे आत्याने चालवून घेतलं.

"अगदी तान्हं आहे," ती निपल फिरवत म्हणाली. "हिरड्या मऊ. उजवीकडून ओढतो. गुणी आहे पण, घाई नाही त्याला."

त्या माणसाने काउंटरची कड घट्ट धरली. "नक्की बाळाचंच तोंड आहे?"

"नाहीतर काय तुमचं?" आत्या हसली. तो हसला नाही.

"ठसका लागणार नाही असं द्या," तो म्हणाला. आत्याने एक नंबरचं दिलं. त्याने ते उजेडाकडे धरून भोक पाहिलं, दुसरं मागितलं, तेही पाहिलं, पुन्हा पहिलंच घेतलं. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "पोळलेला दिसतोय दुधाने. आता ताकही फुंकून पितोय." पहिलटकर बाप असतात असे, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं.

तो येत राहिला. दरवेळी रुमाल, दरवेळी तोच प्रश्न, दरवेळी एक नंबर. त्याला आम्ही 'एक नंबर' असंच नाव पाडलं. रस्त्याच्या वळणावर निळा शर्ट दिसला की मी म्हणायची, "आत्या, तुझा एक नंबर आला." आत्या निपल वाचायची आणि तेच सांगायची. तान्हं आहे, हिरड्या मऊ, उजवीकडून ओढतो. ऐकताना त्याचा चेहरा उतरायचा. बापाचा चेहरा हे ऐकून का उतरावा, हे मला कळायचं नाही.

माझ्या बाजूचे लोकरी मोजे माळ्यावर गेले, सुती झबली खाली आली, पुन्हा लोकरी मोजे खाली आले. आणि मग एका दुपारी आत्याने त्याचं निपल नुसतं हातात धरून ठेवलं. तिची नजर खिडकीकडे नव्हती, त्याच्याकडे होती.

"वर्ष होऊन गेलं," ती म्हणाली. "तोंड वाढलेलं नाही. दात नाही. जोर तेवढाच. अहो, बाळ उपाशी ठेवताय का तुम्ही?"

मी मोजे खाली ठेवले. आत्याने नव्या निपलचं पाकीट तळव्याखाली दाबून धरलं. "बाळ दाखवल्याशिवाय आता काही मिळणार नाही. दाखवणार नसाल तर मी घरी येते, आणि एकटी येणार नाही."

तो त्या बिनहाताच्या खुर्चीवर बसला. एवढा मोठा माणूस तिथे बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाळ नाहीये," तो म्हणाला. "गेलं. तुमच्याकडे पहिल्यांदा आलो, त्याच्या आधीच."

दुकानात आम्ही तिघंच होतो. तो खाली बघून, यंत्रात काय बिघडलं ते सांगावं तसं, एकेक सांगत गेला. बाळ फार सावकाश प्यायचं. बायको दमून झोपली होती. त्याला कामावर जायची घाई होती. "मी सुई तापवली," तो म्हणाला. "वाटलं, पटकन पिईल."

"मग?" आत्याने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, मलाही होतं.

"मग ठसका लागला. लागला तो लागलाच."

आत्याने पाकिटावरचा हात काढला. तो पुढे बोलत होता. बायकोने पाळणा घरातून काढू दिला नव्हता. रोज रात्री बाटली भरते, पाळण्यात ठेवते, पडदा ओढते. सकाळी बाटली रिकामी असते आणि निपल चोखलेलं. तो जागून पाहायचा, पण नेमका डोळा लागायचा. "मला वाटतं, तीच पिते. विचारलं तर हसते. म्हणून मी निपल तुमच्याकडे आणतो. तुम्ही एकदा म्हणायला हवं, की हे मोठ्या माणसाचं तोंड आहे. मग ती आजारी आहे असं तरी होईल. आजाराला डॉक्टर असतो. मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय, ते लोक आता थांबायला तयार नाहीत. ती म्हणते, पाळणा सोडून येणार नाही. त्या घरात अजून राहिलो तर आम्ही दोघंही उरणार नाही, आत्या."

मी काउंटरच्या आडून आत्याचा पाय दाबला. म्हण ना, एवढं एक वाक्य म्हण. बाईला डॉक्टर मिळेल, माणसाला झोप मिळेल, तुझं काय जातंय? आत्याने पाय बाजूला घेतला.

"तोंड तान्ह्याचं आहे," ती म्हणाली. "मी काय करू?"

मला तिचा इतका राग आला की मी उरलेला दिवस तिच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या घरी निघाली, तेव्हा मी बरोबर गेले. तिला एकटीला पाठवायला मन धजावलं नाही.

इमारत साधी, जिन्याच्या कडेला सायकली, लिफ्ट त्याच्याच देखरेखीतली, त्यामुळे अजिबात आवाज न करणारी. बायकोने दार उघडलं. शांत, नीटनेटकी, केस विंचरलेले. मी वेडसर डोळ्यांची बाई बघायच्या तयारीत गेले होते, ती नव्हतीच तिथे. "या," ती म्हणाली. "हळू बोला हं, आत्ताच डोळा लागलाय त्याचा." खोलीत दोरीवर लंगोट वाळत होते. ते ओले होते, खाली थेंब पडत होते. दुधाचा वास होता, पण शिळ्या दुधाचा नाही. बाळाच्या मानेच्या घडीत असतो ना, तो.

पाळणा खिडकीपाशी होता. त्यात लहानशी गादी, गादीच्या मधोमध एक खोलगट जागा. बाकी काही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

आत्या मात्र मोरीपाशी गेली आणि साबणाने हात धुवायला लागली. तिने हात का धुवावेत? ती पाळण्यापाशी आली, वाकली, करंगळी त्या खोलगट जागेच्या वर धरली आणि छताकडे बघत राहिली. दुकानात बघायची तसंच, तितकाच वेळ. नवरा दारातच उभा होता, आत आला नाही. मग आत्याने करंगळी मागे घेतली आणि कमरेचा हातरुमाल काढून पुसली.

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"चांगला आहे. पण निपल लहान पडतंय त्याला. भूक भागत नाही, म्हणून वाढत नाही."

"मी ह्यांना सांगतच होते," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

खाली रस्त्यावर आल्यावर मी आत्याला धरलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? काय होतं त्या पाळण्यात?"

"तू पाहिलंस ना. काही नव्हतं."

"मग बोट कशाला पुसलंस?"

ती चालायला लागली.

त्याच संध्याकाळी तिने त्या माणसाला बोलावून घेतलं. तिचं गणित सरळ होतं, तिच्या धंद्यातलं होतं. "त्या एका दिवसाशी तुम्ही त्याला अडकवून ठेवलंय," ती म्हणाली. "घाबरून एक नंबरच देत राहिलात, मग तो तान्हाच राहणार. मूल वाढलं की नंबर वाढतो. नंबर वाढला की दात येतात. दात आले की बाटली सुटते. आणि बाटली सुटली की आई सुटते. आजवर हजार पोरांच्या बाटल्या सोडवल्यात मी, ह्याचीही सोडवते." तिने दोन नंबरचं निपल काढलं. त्या माणसाने ते घ्यायला हात पुढे केला नाही, म्हणून पाकीट मी त्याच्या खिशात घातलं.

खरं सांगायचं तर मला युक्ती पटली. भुताबिताचं सोडा, पण बाईच्या मनातलं मूल तरी मोठं होऊन बाटली सोडेल, असं मी स्वतःला समजावलं. शहाण्या माणसाला काहीतरी समजूत लागतेच.

दोन नंबरचं निपल परत आलं ते जास्त झिजलेलं. "जोर आलाय," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात एक कौतुक होतं, ते मला आवडलं नाही. पुढच्या खेपेचं निपल तिने उजेडात धरलं आणि माझ्याकडे दिलं. बुडाशी खालच्या बाजूला दोन ठसे होते, तांदळाच्या दाण्याएवढे, शेजारी शेजारी.

"चावलं असेल तिने," मी म्हटलं.

"चावून बघ," आत्या म्हणाली.

मी नवं निपल घेतलं आणि मागच्या गोदामात जाऊन चावलं. जरा चावलं, जोरात चावलं, नुसत्या पुढच्या दातांनी चावलं. प्रत्येक वेळी वर-खाली लांब ओळ उमटली. दोन दाणे काही केल्या जमेनात. तोंडात रबराची चव घेऊन मी बाहेर आले.

मग वरचे दोन आले. मग बाजूचे. ज्या क्रमाने यावेत त्याच क्रमाने. तीन नंबर झालं, मग चोच असलेला पेला दिला, मग आत्याने दुधात पाणी घालायला सांगितलं. आज थोडं, उद्या थोडं जास्त, शेवटी नुसतं पाणी. कुठल्याही आईला ती हेच सांगायची. तो माणूस सांगितल्यासारखं करायचा. त्याच्या गालांवर जरा मांस आलं होतं. दोन पोती सामान पुढे पाठवलं, असं एकदा म्हणाला. "पेला तसाच्या तसा भरलेला होता आज," हे तो ज्या दिवशी सांगायला आला, त्या दिवशी आत्याने दाराशी जाऊन डोळे पुसले आणि आत येऊन मला म्हणाली, "बघ, शहाणे. सुटली बाटली." मी तिला मिठी मारली. आम्ही जिंकलो, असंच मला वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, ती दोघं आली. बायकोला मी घराबाहेर पहिल्यांदाच बघत होते. छान दिसत होती. तिने पिशवीतून धुतलेली बाटली, पेला आणि सगळी झाकणं काढून आत्यापुढे मांडली. "आता लागत नाही," ती म्हणाली. "तुमचे उपकार आहेत, आत्या."

"माझे कसले? त्याचीच वेळ आली होती," आत्या म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

"हो ना," बायको म्हणाली आणि वळून माझ्या बाजूला आली. "बूट दाखवता का? चालायला लागलाय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराजवळ उभा होता. त्याची नजर माझ्यावर नव्हती. काउंटरच्या पलीकडे, बायकोच्या गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीकडे तो बघत होता आणि ती नजर हळूहळू सरकत होती.

तोंडाला सवय असते. "माप?" मी विचारलं.

"बघू या ना घालूनच." तिने सगळ्यात लहान जोड उचलला आणि खाली वाकली. काउंटर उंच आहे, मला तिची पाठ तेवढी दिसत होती. "उभा राहा नीट," ती म्हणाली. मग, "बोटं आवळू नकोस." पायाशी अंगठा दाबताना आयांचा खांदा जसा हलतो तसा तिचा खांदा हलला. तिने तो जोड वर ठेवला. "घट्ट होतोय. पुढचा द्या." मी पुढचा दिला. माझे हात देत होते, मी नव्हते. ह्या वेळी तिने बूट वर ठेवले नाहीत.

"आज रात्रीच निघतोय," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "पाळण्याचाच प्रश्न होता. आता चालतो म्हटल्यावर येईल बरोबर."

हजार पोरांची बाटली सोडवणाऱ्या बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. बाटली सुटली म्हणून मूल कधी घरातून जातं का? ते चालायला लागतं.

नवऱ्याने दार उघडून धरलं. बायको बाहेर पडली, जरा एका अंगाला झुकून, एक बोट खाली सोडून. ती गेल्यावरही त्याने दार धरूनच ठेवलं, उंबरठा ओलांडायला कुणाला वेळ लागावा तेवढा. मग तो गेला. फुटपाथवर क्षणभर थांबला, आणि त्याने दुसऱ्या बाजूने आपलं बोट खाली केलं. काचेतून आम्ही दोघी बघत होतो. ती दोघं फार सावकाश चालली होती. त्या माणसाला पहिल्यांदाच कसली घाई नव्हती.

ती दोघं वळणाच्या आड गेली. मग बेसिनवर जाऊन आत्याने हात धुतले, पुसले, आणि मी बंद करत असलेल्या खोक्याकडे बघून विचारलं, "कुठलं माप दिलंस?"

"मधलं."

"घट्ट नाही ना होणार?"

"नाही," मी म्हटलं. "बोटभर जागा ठेवलीय."